पाकिटाचं चिन्ह

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक, व्यासपीठावरील मान्यवर, खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सहकारी, आणि आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आराखडा विभागाच्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. बाईंच्या कामसू स्वभावावर चार शब्द बोलावेत, असं संयोजकांनी सुचवलंय. बोलतो.

रुग्ण दारातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंत त्याचा कुठला कागद कुणाकडे जातो, याचे तक्ते बाई सत्तावीस वर्षं काढत आल्या. चौकोन म्हणजे काम, तिरका चौकोन म्हणजे निर्णय, अशी त्यांची त्रेचाळीस चिन्हं. ती पाठ करताना नव्या कारकुनाला घाम फुटायचा. मी विभागप्रमुख झालो आणि मला सुधारणेची हुक्की आली. एकाच अर्थाची चिन्हं गाळायची, बारा ठेवायची. खरं सांगतो, बरीचशी होतीच फालतू. फोन करण्याला तीन चिन्हं कशाला हवीत? ती तर बाईंनी स्वतःच हसत हसत खोडली.

अडलं एका जागी. थांबण्याची दोन चिन्हं होती. घड्याळ, म्हणजे ठरलेले दिवस संपले की कागद पुढे सरकवा. आणि पाकीट, म्हणजे माणसाचं उत्तर येईपर्यंत कागद हलवू नका, चौकशी करत राहा. मी म्हटलं, "दोन्हीकडे थांबायचंच आहे ना? पाकीट गाळा."

बाई म्हणाल्या, "साहेब, दिवस आपोआप संपतात. उत्तर आपोआप येत नाही."

मी म्हटलं, "गाळा हो." तोंडी. कागदावर काही नाही.

शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीचा तक्ता बाईंनी पाकिटाच्या जागी घड्याळ घालून नव्यानं काढला, खाली सही केली. संगणक त्याप्रमाणे चालू लागला. शस्त्रक्रियेला येताय ना, असं विचारणाऱ्या आपल्या पत्राला एकवीस दिवसांत उत्तर नाही, तर नाव बाद.

बाजारामागच्या गल्लीत एक शिंपी राहायचे. हृदयाच्या झडपेसाठी यादीत चौथे होते. त्यांनी घर बदललं होतं, पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि नाव बाद झालं. ते बिचारे रोज पोस्टमनची वाट बघत राहिले. दोन महिन्यांनी गेले.

बाई त्यांच्या घरी जाऊन आल्या. त्यांच्या बायकोनं विचारलं, "यांचा नंबर कितवा होता हो?" बाईंनी खरं ते सांगितलं. हे त्या माझ्याशी एकदाच बोलल्या, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.

मग चौकशी बसली. समितीनं विचारलं, पाकीट कुणी गाळलं? बाई म्हणाल्या, "तक्ता माझा आहे, सही माझी आहे." बोलण्याआधी त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं होतं. मी मिठाची गुळणी धरून बसलो. का? मुलीचं लग्न ठरत होतं, खुर्ची टिकवायची होती. कारणं काय, शोधली की सापडतात. ठपका बाईंवर आला, बढती गेली, आणि चार वर्षं बाकी असताना त्या आज जात आहेत. पत्रिकेत आपण 'स्वेच्छानिवृत्ती' असं छापलंय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. वेळ संपल्याचं कळलं, साहेब, पण एक वाक्य राहिलंय. पाकीट मी गाळायला लावलं. सकाळी तसं लेखी दिलंय, पण तो कागद फायलीत जाईल, म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगतोय. बाई, तुम्ही मान खाली घालू नका, ती मी घालायची.

तक्त्यात पाकीट परत आलं आहे. गेल्या आठवड्यात बाईंनीच ते बसवून दिलं, इथलं शेवटचं काम म्हणून.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. वेळ जास्त घेतला, समारंभाला न शोभणारं काही बोललो, ते सभागृहानं पोटात घालावं. बाकीची माफी आपल्याकडे मागून उपयोग नाही. त्या शिंप्यांच्या घरी मी अजून गेलेलो नाही. नवा पत्ता बाईंकडे आहे. बाई, निघण्याआधी तेवढा लिहून द्या.