विमलवैनींनी लावलेली तोडीची पाळी

मंडळी, पाचोडात एवढी माणसं बाजाराच्या दिवशीच दिसतात. आज विमलवैनींच्या शोकसभेला जमलोत. मला बोलायला सांगितलंय. पण समोर बसलेल्या काही जणांकडं बघून जड जातंय. का, ते सांगतो.

वैनींचा न् माझा बांध एकच. मोसंबीचा भाव कोसळला, त्या साली आपण सगळ्यांनी एकाच आठवड्यात तोड केली होती. टेम्पोच्या रांगा लागल्या. अडत्यांनी भाव पाडला, आपण मुकाट्यानं माल ओतून आलो. त्यानंतर वैनी गावोगाव फिरल्या. म्हणाल्या, फळ झाडावर टिकतंय तवर झाड हेच आपलं गोदाम. बाजाराला लागंल तेवढंच तोडू. गावागावानं पाळी लावू.

पटलं सगळ्यांना. विश्वास मात्र कुणाचाच नव्हता. ह्यात बाईचा काय फायदा? पहिली पाळी कुणाची? अडत्यांनी तर हिला पुढं केलं नसंल? मी तोंडावरच विचारलं. वैनी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "संशय घ्या, भाऊ. पण घरात बसून घेऊ नका. माझ्या बागेत येऊन घ्या."

आणि नेमच तसा केला. पाळीआधी कुणी तोडू नये म्हणून एका गावाच्या बागांवर दुसऱ्या गावानं राखण करायची. स्वतःची पाळी त्यांनी शेवटची ठेवली.

पाळी लावली त्या पहिल्याच साली भाव टिकला. माल बेतानं येतोय म्हणल्यावर अडत्यांनाच बागेपर्यंत यावं लागलं. पण वैनींची पाळी यायच्या आधी वादळी पाऊस झाला. सकाळी गेलो, तर बागेत पाय ठेवायला जागा नाय, नुसता फळांचा सडा. मी म्हणलं, वैनी, आधीच तोडायचं होतं, कोण नाय म्हणलं असतं? त्या खाली बसून चांगली फळं वेचत होत्या. म्हणाल्या, "कुणीच नाय म्हणलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच तोडलं असतं."

तरी गावात काय बोललं गेलं? बाईला अडत्यांकडनं आतून भरपाई मिळाली असणार. व्हय, असंच बोललं गेलं. बोलणारे इथं हायेत.

मग आज हे सगळं का काढतोय? परवा आपण वैनींना पोचवायला गेलो. सगळे तिकडंच, राखणीवर कुणी नाय. परत येताना एका बागेतून भरलेला टेम्पो निघताना मी बघितला. ताडपत्री गच्च बांधलेली. त्या गावाची पाळी नव्हती. बाग कुणाची, मला ठाऊक हाये. नाव घेणार नाय. तो इथंच बसलाय, आणि मघाशी वैनींबद्दल लई चांगलं बोलला.

टेम्पो कुणी पाठवला? अंत्यविधीची येळ अडत्याला कुणी सांगितली? आज एक निघाला, उद्या किती निघतील?

आता उभं राहू. वैनींसाठी शांत राहू. डोळे मात्र कुणी मिटू नका, एकमेकांकडं बघत उभं राहू. त्यानंतर मी इथनं थेट राखणीला चाललोय. ज्याला माझा संशय येत असंल, त्यानं माझ्यासंगं यावं.