मधल्या स्टेशनावर

(गोरेगाव, १९८६. जानेवारीतली दुपार. बोटीवरची नोकरी संपवून चंदू परवाच घरी आलाय. थोरली बहीण सुगंधा त्याचे कपडे धुवायला काढता काढता थांबली आहे.)

सुगंधा : मग यावर बाबांचं नाव का? बघ ना नीट. काशीराम. बाकीचं काय लिहिलंय ते मला कळत नाही, पण बापाचं नाव वाचता येतं मला.

चंदू : कुठे सापडला तुला?

सुगंधा : तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात. चंदू, बाबा उभ्या जन्मात इथून कणकवली आणि कणकवलीहून इथे, एवढेच फिरले. त्यांच्या नावाचा शिक्केवाला कागद स्पेनमधून कसा आला?

चंदू : आई कुठाय?

सुगंधा : शेजारी पापड लाटायला गेलीय. तू बोल.

चंदू : तिकडे सान्तियागो म्हणून गाव आहे. मोठं चर्च आहे तिथे. लोक लांबलांबून चालत येतात, डोंगरातून, खेड्यापाड्यातून. पोचलं की नाव विचारून कागद देतात. मला विचारलं, तर तोंडातून बाबांचंच नाव आलं.

सुगंधा : तू चालत गेलास?

चंदू : हो.

सुगंधा : कधी?

चंदू : ऑक्टोबरात.

सुगंधा : ऑक्टोबरात तू माद्रिदला हॉस्पिटलात होतास. टायफॉइडने. तुझं पत्र आहे माझ्याकडे. ते वाचून आईने पंधरा दिवस मीठ सोडलं होतं.

चंदू : टायफॉइड नव्हता, ताई.

सुगंधा : मग काय होतं?

चंदू : काहीच नव्हतं. धडधाकट होतो.

सुगंधा : थांब. मला बसू दे. हां. आता पहिल्यापासून सांग. तार मिळाली तुला?

चंदू : मिळाली. बोट स्पेनमधल्या ला कोरुन्या बंदरात दुरुस्तीला लागली होती. सकाळी कंपनीचा एजंट तार घेऊन आला. फादर एक्स्पायर्ड. माणूस चांगला होता. दुपारपर्यंत पासपोर्ट, विमानाचं तिकीट, सगळं हातात दिलं आणि संध्याकाळी माद्रिदच्या गाडीत बसवलं मला.

सुगंधा : बसवलं ना?

चंदू : बसवलं. उजाडताना आस्तोर्गा नावाच्या स्टेशनात गाडी थांबली. पाणी प्यायला उतरलो. गाडीने शिट्टी दिली, मी दांड्याला हात घातला. आणि पाय वर जाईना. खरंच सांगतो, पाय उचलेचना. गाडी माझ्यासमोरून निघून गेली.

सुगंधा : पाय उचलेना म्हणजे काय? लहान पोर आहेस?

चंदू : घरी येऊन त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. निघताना मी त्यांना काय बोललो होतो, तुला माहीत नाही.

सुगंधा : दीड खोलीचं घर आपलं. मला माहीत नाही? मोरीत भांडी घासत होते मी. त्यांनी त्यांच्या सिनेमाच्या स्टुडिओत तुझ्यासाठी सुताराचं काम बोलून ठेवलं होतं. तू म्हणालास, तुमच्यासारखी खोटी घरं बांधत बसू का जन्मभर, ज्यांना पुढची भिंत असते नि मागे बांबू.

चंदू : त्याच्या पुढचं?

सुगंधा : तेही ऐकलं.

चंदू : मेलात तरी परत यायचो नाही.

सुगंधा : पुन्हा कशाला उच्चारतोस?

चंदू : कारण तेच झालं.

सुगंधा : बापलेकात बोललं जातं रे असं. बाबा त्यानंतर पाचव्याच दिवशी सेटवरच्या लोकांना सांगत सुटले, माझा मुलगा फॉरेनच्या बोटीवर लागला म्हणून.

चंदू : हे मला कोणी कळवलं नाही.

सुगंधा : तू पत्रात कधी विचारलंस त्यांच्याबद्दल? ... बरं, गाडी गेली. मग?

चंदू : बाहेर बाकावर एक म्हातारा बुटाच्या नाड्या बांधत होता. मानुएल. काठी, पाठीवर बोचकं, गळ्यात शिंपला, तिकडच्या यात्रेकरूंची खूण. त्याने माझ्याकडे बघितलं आणि अर्धा पाव तोडून दिला. तो उठला तसा मी त्याच्या मागोमाग निघालो. कुठे जातोय हेसुद्धा दुसऱ्या दिवशी कळलं. तो बायकोसाठी चालत होता. फोटो दाखवला, मग हाताने जमीन दाखवली. मीही जमीन दाखवली. तेवढीच आमची भाषा.

सुगंधा : आणि किती चाललात?

चंदू : तेरा दिवस.

सुगंधा : मोजून तेरा?

चंदू : नाही गं. रस्ताच तेवढा निघाला. बोटीवरचे बूट, दुसऱ्याच दिवशी टाचा फुटल्या. म्हाताऱ्याने सुईदोरा घालून फोडांतलं पाणी काढलं. वर डोंगरात एक ओसाड गाव लागलं. एक बाई नि तिची कुत्री, बाकी कोणी नाही. घरांची छपरं कोसळलेली, नुसत्या पुढच्या भिंती उभ्या. दारं, खिडक्या, आणि मागे आभाळ. मला वाटलं, बाबांच्या सेटवरच आलो. आता कुठल्यातरी भिंतीमागून येतील, कानावर पेन्सिल लावून. मी तिथेच बसलो आणि म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. आपल्या भाषेत. त्याला अक्षर कळलं नाही.

सुगंधा : म्हणून सांगता आलं.

चंदू : म्हणूनच. पुढे एक लोखंडी क्रूस आहे, उंच खांबावर. खाली दगडांचा ढीग. लोक घरून दगड आणतात नि तिथे टाकतात. माझ्याकडे घरचं काय होतं? खिशात तार होती. ती दगडाखाली ठेवली. वाऱ्याने उडाली, तर धावत जाऊन परत घेऊन आलो. सोडवेना.

सुगंधा : चंदू, मी तुला एक सांगणार आहे. आईने शपथ घातली होती, तुला कळता कामा नये म्हणून.

चंदू : काय?

सुगंधा : एजंटने तुला गाडीत बसवलं ना, तसा तुझ्या कंपनीच्या बॅलार्ड पिअरच्या ऑफिसात टेलेक्सने निरोप आला. माणूस निघाला, गुरुवारी पोचतो. मग आम्ही थांबलो.

चंदू : थांबलो म्हणजे?

सुगंधा : बाबांना ठेवलं. बर्फावर. या खोलीत, तू बसलायस तिथे. दोन दिवस. दशरथदादा सहारला प्रत्येक विमान बघत होता. लोक कुजबुजायला लागले. शेवटी शुक्रवारी दुपारी भटजी म्हणाले, आता पुरे. पुतण्या असून दशरथदादाने अग्नी दिला, मुलगा वाटेत आहे असं सगळ्यांना सांगून.

चंदू : मला वाटलं, तुम्ही त्याच दिवशी उरकलं असेल. देवाशप्पथ, ताई. मला वाटलं, माझ्यासाठी कोण थांबणार.

सुगंधा : तुला वाटलं.

चंदू : दोन दिवस?

सुगंधा : रडू नको. आई येईल. ती आली की टायफॉइडच सांगायचं, कळलं? तिला हे सोसायचं नाही.

आई : आई इलीसा.

सुगंधा : आई! कधीपासून उभी आहेस?

आई : चंदू गाडयेचा सांगत होतो, तेव्हापासना.

चंदू : आई, मी मधल्याच स्टेशनावर उतरलो. मुद्दाम.

आई : आयकलंय मी. दोन दीस मी तेंच्या उशाक बसान होतंय. दाराची कडी वाजली काय कानात सांगत होतंय, इलो हां तुमचो झील, चंदू. बघतंय तर दशरथ. नायतर बर्फवालो.

चंदू : मला काहीतरी बोल. शिव्या घाल.

आई : ता काम तेंचा. माका जमाचा नाय.

सुगंधा : बस ना तू, आई. पाणी देते.

आई : नको. चंदू, मसण हयसून किती लांब रे?

चंदू : वीसेक मिनिटं. का?

आई : तेंका न्हेल्यानी तेव्हा मी नाक्यापर्यंत गेलंय. थयसून बायकांनी मागे फिरवल्यानी. खय ठेवल्यानी, ता मी अजून बघूक नाय.

सुगंधा : बायका जात नाहीत गं तिकडे.

आई : ह्या येळाक कोण आसता थंय बघूक? तू इतक्या चललंस मां, झिला. चल माझ्यावांगडा.

चंदू : आत्ता?

आई : आत्ता. पण सावकाश चल हां. तू फुडे गेलंस तर माका गाठूक जमाचा नाय.