रीनाचं उलटं झाड

गडचिरोली बसस्थानक. माझ्या मागच्या बाकावर रीना आणि तिची धाकटी नणंद चंचल बसल्या होत्या. तासाभरात रीनाचा बी.ए.चा इंग्रजीचा पेपर होता; त्यात वाक्याची फोड करून झाडासारखी आकृती काढायची असते.

“वहिनी, वाक्य सगळ्यात वर लिहा. मंग खाली दोन फांद्या.”

“बूड वर अन् शेंडा खाली. असं झाड कुठी राह्यते, बाई?”

“पुस्तकात राह्यते. दोनदा नापास झाल्या तुमी, तरी अजून झाडावरच अडकल्या.”

“या खेपेस गेली तर कॉलेज बंद, म्हणतात तुमचे भाऊ.”

“म्हणूनच सांगून राह्यली. काढा.”

“काढून राह्यली.”

“खालून काऊन? सगळे शब्द एका ओळीत काऊन मांडले?”

“मोहाची फुलं खाली पडली की खालूनच वेचतो न आपण. हे शब्द एका टोपलीत, झाली फ्रेज. दोन टोपल्या मिळून क्लॉज. दोन क्लॉज जोडले की वर वाक्य.”

“सर म्हणतात, वरूनच सुरू करा.”

“सरनं मोह वेचला का कधी? तुमी पाहा, चुकलं का?”

“थांबा. नाई. सगळ्या फांद्या बरोबर आहेत.”

“कुठून सुरू केलं, ते पेपरात दिसते का?”

“कसं दिसन? तपासणाऱ्याले पुरी आकृतीच दिसते.”

“म्हणजे खालून काढलं तरी चालते?”

“चालते न.”

“मंग दोन वर्षं काऊन नाई सांगतलं?”

“तुमी कधी विचारलं?”

“माझी पिशवी द्या इकडं. आता पेपर देऊन येतो, भांडण संध्याकाळी करू.”