गव्हाणीवरची भिंत

मोजा, मोजा की. टेपचं टोक धरू का तिकडनं? — न्हाय वो, थट्टा न्हाय करत, खरंच इचारते. सोलापुरातनं मोटारीनं वैरागपर्यंत आलात, तितनं पुढं बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, मंग भिंत मोजल्याबिगर कसं जाल? लांबी धा हात, उंची पाच हात — वरचा गिलावा अजून वला हाय, टेकू नगा, कोटाला लागंल. आन् गल्लीकडचं दार बी मोजा. वकील मानूस तुमी, मदत-कमिटीनं धाडलंय, अर्धं काम करून जाऊ नगा. तो अर्ज काडा की पुन्यांदा. मला वाचता येत न्हाय, पर ऐकू चांगलं येतंय. काय लिवलंय धोंडीरामानं? — 'सयंसेवकांनी माझ्या पाच खणांच्या घरात नसलेली भिंत घातली आन् नसलेलं दार पाडलं.' वा रं वा! सख्खा धाकटा भाऊ हाय माजा, ह्या कडंवर घिऊन हिंडवलाय त्याला. आन् परवा भर चावडीत मला काय म्हणतोय? — खाल्ल्या घरचं वासं मोजणारी! व्हय, मोजले! वासं मोजल्याबिगर माळवद चढतंय व्हय?

बसा त्या दगडावर. मी उभीच बरी, बसले की गुडघं धरत्यात — म्हैना झाला चिखल तुडवतीया. हे पाय बघा. गिरणीत रिळिंग खात्यात इसावर वर्सं काडली, सूत भरून भरून बोटं गेली, पर पाय शाबूत व्हते; ते बी हितं फुटले. — व्हय, नाव लिवा, सोजरबाई. सासर सोलापूर, म्हायेर हेच गाव, हेच घर. आश्विनात तीन दिवस पूर्वेकडनं वारं सुटलं आन् पाऊस असा, की माळवदाची माती पानी पिऊन पिऊन जड झाली — यका दिसात बत्तीस घरं बसली गावातली. मानसं वाचली, ती दिवसाची येळ व्हती म्हणून. मंग तुमचा कमिटीचा मानूस गिरणीच्या फाटकापाशी येऊन वरडला — हात पायजेत, माती वहायला, चिखल तुडवायला, मजुरी न्हाय, नुसती भाकर. आमी अठरा बाया निघालो, सात गडी. म्हायेर म्हणून न्हाय आले मी. कमिटी म्हणली असती करकंबला जावा तर करकंबला गेले असते... आता खोटं कशाला बोलू, गावाचं नाव ऐकलं तवा सगळ्यांच्या आदी हात मीच वर केला. तेवीस घरं उभी केली आमी. तेवीस! जोशाचं केलं, तेल्याचं केलं, वाड्याबाहेरच्या वस्तीतली चार केली — कुनाचा अर्ज आला? यका सख्ख्या भावाचाच आला.

तुमचा कायदा मला पाठ हाय, सारका सारका नगा सांगू. 'व्हतं तसं आन् व्हतं तेवढंच बांदायचं.' ज्याचं तीन खणांचं त्याला तीन, ज्याचं पाच त्याला पाच. कमिटीच्या लाकडानं कुनी वाडा वाढवायचा न्हाय. बरोबर हाय. मी तरी काय वाढवलं? पाच खण व्हते, पाच हायेत. मधी भिंत — ती व्हतीच. — व्हती म्हणते ना! मी ह्या घरात जल्मले, तुमी न्हाय जल्मला. तीन खण हिकडं, दोन खण तिकडं, मधी भिंत. तिकडच्या दोन खणांत माजी थोरली भावजय ऱ्हाती, रंभा वयनी. थोरला भाऊ जोतीराम मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, पदरी मूलबाळ न्हाय, तवापास्नं ती ऱ्हाती. बारा वर्सं. आता भाईर का येत न्हाय? — लाजती. परक्या पुरुषापुढं येत न्हाय. तिला इचारून तरी काय उपेग? 'भावजी म्हणत्याल तसं' म्हणंल. बारा वर्सांत त्या बाईनं दुसरं वाक्य बोललेलं मी ऐकलं न्हाय.

काय टोचताय काठीनं? — तो खुंटा हाय. लाकडाचा खुंटा. जुना हाय, जिमिनीत ऱ्हायला असंल... दावं बांदायचा व्हय, दिसतंय की, मला काय डोळं न्हाईत? आन् हा दगड... हा दगड पायाचा हाय. — खोलगट कशानं म्हंजे? बैलांनी मानंनी घासून घासून... हां. बघा, वकील मानसाम्होरं तोंड उघडू नये. बरं, गव्हाण हाय ती. झालं समाधान? गोठा व्हता ह्या दोन खणांत. पर गव्हाण म्हंजे भिंत न्हवं? दगडमातीचीच असती की! कमरंएवढी व्हती, ह्या तोंडापास्नं त्या तोंडापतुर. आमी तिच्यावरच चढवली, डोक्याच्या वर न्हेली, येवढंच. पाया तोच, जागा तीच, यक बोट हिकडं सरकवली न्हाय. तुमीच म्हणलात ना — व्हतं तिथंच बांदा? मंग!

आन् ती ऱ्हात व्हती हे बी खोटं न्हाय. ऱ्हातच व्हती. दोन बैल, यक म्हस आन् रंभा वयनी. वाऱ्याच्या दिवशी तुळई करकरली ती पयल्यांदा तिनं ऐकली, कारन ती तिच्या खालीच बसलेली. दावी कापली, जनावरं भाईर हाकलली, आन् जल्मात पयल्यांदा घसा फोडून वरडली — तवा धोंड्या आन् त्याची बायकापोरं भाईर पळाली, मागनं माळवद बसलं. सगळ्यांचा जीव वाचला तिच्यापायी. आन् धोंड्यानं काय म्हणावं? पाठ थोपटली? 'म्हशीचं रेडकू आतच ऱ्हायलं,' म्हणला. रेडकू! देवा, काय जिभा दिल्यास यकेकाला!

सुंदरम्मा हाय ना, ती बघा तिकडं कडब्याची पेंडी सोडतीया ती — गिरणीत माज्या शेजारीच उभी असती, कोष्ट्याची, घरात तेलगू बोलत्यात. तिनं जल्मात चिखल तुडवला नव्हता, पयल्या दिवशी पाय घातला की 'अय्यो अय्यो' करत उड्या मारायची, आमी पोट धरून हसलो. ती ह्या गव्हाणीपाशी माती उकरत व्हती, तर खालनं वाकळ निघाली. ठिगळाला ठिगळ, पर नीट घडी घातलेली, यक फणी, यक कुंकवाची रिकामी डबी. सुंदरम्मानं ती वाकळ झटकली आन् मला म्हणली — 'सोजराक्का, तुमच्यात जनावराला वाकळ घालतेत?' तिच्या मनात काय बी नव्हतं वो. गाव नवं, रीत नवी, तिला खरंच वाटलं. सगळ्या बाया माज्या तोंडाकडं बघत्यात. आन् म्हायेरची बढाई मारत आलेली मी — पाच खणांचं घर, दारात बैल, आन् काय न् काय — काय सांगू तिला? पाटी उचलली न् चालू पडले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी म्हणले, गव्हाण काडू नगा, वर चढवा.

व्हय, मीच म्हणले. लिवा. धोंडीराम परगावी गेलता, बैलजोडीचं कायतरी बघायला वैरागला, चार दिवस. चार दिवसात आमी भिंत वर घेतली, दार पाडलं, चौकट बसवली. चोरून? चोरून कशी? दिवसाढवळ्या, पंचवीस मानसं घिऊन, गानी म्हणत!

कायदा सांगू नगा मला. नवऱ्यामागं बाईला वाटणी न्हाय, नुसतं अन्न-वस्त्र — ठावं हाय. भाकरी आन् लुगडं. बरं, ती भाकरी खाऊन, ते लुगडं नेसून बाईनं आंग कुटं टाकायचं, हे न्हाय लिवलं तुमच्या पुस्तकात? लिवलंय? मंग गोठा म्हणून लिवलंय का? — आता कागद कशाला चाळताय? बारा वर्सांखाली बी सगळ्यांनी अशीच नजर चुकवली व्हती, जोतीरामाच्या तेराव्याच्या दिवशी. माजी आई, चुलत्या, भावकीतल्या बाया. धोंड्याचं लगीन ठरलेलं, मधलं घर त्याला पायजे. मंग ही कुटं निजंल? कुनी बोलंना. आन् मी — मी सोलापूरवाली, शाणी, चार पैसं मिळवती, माज्या शब्दाला वजन — मी म्हणले, 'गोठ्यात काय वाईट हाय? बैलांची ऊब असती.'

येवढंच. यका दमात म्हणले. सुपारी कातरता कातरता. सगळ्यांना लई बरं वाटलं, दुसऱ्या कुनाला म्हणावं लागलं न्हाय ना! ती म्होरं बसलेली, डोक्यावर पदर, तिनं मान हलवली, आन् मी दुसऱ्या दिवशी गाडी जोडून निघून गेले. कशापायी म्हणले असंन? इचारा की. म्हायेर मोकळं ऱ्हावं, नव्या भावजयीनं दिवाळीला हौसंनं बोलवावं, चोळीबांगडी करावी, म्हणून. बारा दिवाळ्या आले मी ह्या घरात. पुरणपोळ्या खाल्ल्या. गव्हाणीवरनं वाकून 'बरी हायेस ना वयनी' म्हणले, आन् ती म्हणायची 'बरी हाय वन्सं'. आन् मी खरं मानलं! लाज वाटती मला, वकीलसायेब. तुमच्या कमिटीची न्हाय, धोंड्याच्या अर्जाची तर मुळीच न्हाय. त्या शब्दाची वाटती. म्हणून सांगते, भिंत नव्हती. खोलीबी नव्हती. नसलेली भिंत मी घातली आन् नसलेलं दार मी पाडलं; अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं हाय, आना हिकडं, अंगठा करते.

आता पाडायचं बोला. पाडा की! पहार तिथं भिंतीला टेकून ठिवलीया. माज्या बायांतली यक हात लावणार न्हाय, गड्यांना बी सांगून ठिवलंय, तवा तुमालाच बाह्या सारायला लागत्याल. शिधा बंद करता? करा. गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या बाया हायेत, उपाशी रिळं भरलीत आमी. फकस्त पाडायच्या आदी यकदा वर बघा. तिकडं न्हाय, मधी, भिंतीच्या डोक्यावर. जुनी तुळई मोडली दोन जागी. पाच खणांची सलग तुळई कुटनं आनू? कमिटीनं लाकडं दिली ती आखूड. मंग दोन आखूड तुळया घातल्या आन् दोनींची टोकं मधल्या भिंतीवर टेकवली. धोंडीरामाच्या तीन खणांचं सगळं वजं हिच्या भिंतीवर हाय. — मुद्दाम? लाकूड आखूड व्हतं म्हणते ना! बरं, लाकूड लांब असतं तरी मी कापलं असतं. झालं? भिंत काडली की त्याचं माळवद त्याच्याच पोराबाळांवर येतंय. सांगा त्याला जाऊन, मी सांगितलं तर पटायचं न्हाय.

असं कसं? 'बाईची स्वतःची इच्छा काय' — हे अर्जात हाय? — न्हाय, तुमीच इचारताय? अगं बया. बरं. बरं, खरं हाय तुमचं. बारा वर्सांखाली बी तिच्या वतीनं मीच बोलले व्हते. आज न्हाय बोलत. पर समोर बोलवू नगा, दारातनंच इचारते... वयनी! अगं वयनी, ऐकतीस न्हवं सगळं? हे सोलापूरचे वकील हायेत, चांगले हायेत, भिऊ नगंस. धोंड्या म्हणतोय भिंत नगं. आता माजं बी ऐकू नगं आन् त्याचं बी. तुला नको असंल हे, तर वाकळ घिऊन भाईर ये, मी माज्या हातानं दार काडते. आन् पायजे असंल — तर कडी आतनं लाव. बोलायची गरज न्हाय. फकस्त कडी लाव.

दम धरा वो. घड्याळ काय बघताय, बारा वर्सं झाली, घटकाभर थांबा.

वयनी...

वाजली कडी! ऐकली न्हवं? वरनं आडवा अडसर बी घातला. लिवा आता काय लिवायचं ते, आन् तो टेप गुंडाळा. — न्हाय, पुन्यांदा दार ठोकू नगा. तिचं घर हाय ते. उघडंल तवा उघडंल. जावा तुमी, गाडीवान खोळंबलाय.