दहावा माणूस

पनवेलच्या फोटो स्टुडिओत नंबर लावून बसलेल्या कुमाररावांनी पेपर उघडला होता, पण तो वाचण्यासाठी नव्हे. शेजारच्या बाकावर दोन बेने इस्राएली ज्यू चुलतभाऊ भांडत होते आणि ते पेपरापेक्षा बरंच ताजं होतं.

"नफ्ताली, तू मुलाकडे इस्राएलला गेलास की शनिवारी आपण नऊच. दहा पुरुष नसले तर वाचायला तोरा ग्रंथ कपाटातून काढता येत नाही."

"ठाऊक आहे, एलिझरदादा. पण त्या पवित्र भूमीवर चार हात चाललं तरी परलोकात जागा मिळते म्हणतात."

"इथे चाळीस पावलांवरच्या सिनेगॉगला यायला तुला अर्धा तास उशीर होतो. तिथली जागा तोवर भरून जाईल."

"तीस वर्षं उशिराच येत आलो. एकदा तरी माझ्यावाचून वाचन सुरू केलंत?"

"कसं करणार? तू दारात दिसलास की नऊ जण उठून उभे राहायचे."

"एवढा मान मला सासरीसुद्धा मिळाला नाही, दादा. देवाचे उपकार."

"बरं, बरं. तिकीट कधीचं काढलंस?"

"हनुक्काचा सण झाल्यावरचं."

"अजून पाच महिने? मुलगा तर आत्ताच बोलावतोय ना?"

"बोलावू दे. तुझ्या नातवाला तेरा कधी पूर्ण होतात?"

"हनुक्कातच."

"मग तो पुरुषांत धरला जाईल. त्याला दहावा उभा राहिलेला बघतो आणि निघतो."

एलिझरने वाकून त्याची कॉलर सारखी केली.

"जा आत. निदान व्हिसाच्या फोटोत तरी माणसासारखा दिस."