शिडीची किल्ली देवानं नेली

मला एक सांगा, विमानाच्या शिडीची किल्ली देव खिशात घालून घरी नेतो का? विचार करून सांगा, घाई नाही. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत जन्म गेला माझा, उत्तराची वाट पाहायची सवय आहे... नाही नेत ना? पण विमान कंपनीचं म्हणणं, नेतो! मला तसं लेखी कळवलंय त्यांनी. 'आपले विमान दैवी कारणास्तव रद्द झाले, सबब नुकसानभरपाई देय नाही.' दैवी कारण! तुम्हाला सांगतो, रोज पहाटे ज्याच्यापुढे डोळे मिटून बसतो, त्याच्यावर असा राजरोस आळ मी उभ्या जन्मात वाचला नव्हता. तरी आवाज चढवला नाही मी.

झालं असं, की माझी थोरली बहीण, ताई, लांबच्या गावी एकटी राहते. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. ताई कोणाकडे काही मागणाऱ्यातली नव्हे, देणाऱ्यातलीच, त्यातही उपदेश जास्त; पण त्या दिवशी फोनवर म्हणाली, "धाकट्या, आत नेतात तेव्हा दारात कोणीतरी आपलं माणूस असावं रे. येशील?" आता सत्तरीला टेकलेल्या माणसाला धाकट्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलेलं असतं, त्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, येतो. शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द, हवं तर शाळेतल्या घंटेला विचारा.

आदल्या संध्याकाळचं विमान. आम्हाला एका बसमध्ये कोंबून विमानापाशी नेलं, आणि बसचं दार काही उघडेना. समोर विमान, पलीकडे शिडीची गाडी, आणि मधे चार माणसं एकमेकांचे खिसे चाचपताहेत! मी खिडकीशी, खिडकीला फट, सगळं ऐकू येतंय.

"किल्ली कुठंय?"

"दुपारच्या पाळीवाल्याकडे."

"तो कुठंय?"

"गेला की घरी."

"मग फोन लाव ना बाबा!"

"बंद लागतोय. झोपला असेल."

"दुसरी शिडी आण."

"ती मोडली म्हणून तर ही काढली, साहेब!"

वरून वैमानिक काचेतून खाली बघतोय, माडीवर कोंडून घातल्यासारखा. आम्ही त्याच्याकडे बघतोय, तो आमच्याकडे, किल्ली कोणाच्या तरी उशाशी, आणि आकाश म्हणाल तर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ, एक ढग औषधाला नाही. शेवटी वैमानिकाची कामाची वेळ संपली, म्हणून विमान रद्द. तो खाली कसा उतरला, हे मला अजून कळलेलं नाही. बाकीचे प्रवासी ओरडले, एकानं बसला लाथ मारली. आवाज चढवला नाही मी.

सकाळी ताईला एकटीला आत नेलं. परिचारिकेनं विचारलं, "बरोबर कोण आहे, आजी?" ताई म्हणाली, "कोणी नाही." हे मला तिच्या शेजारणीनं नंतर सांगितलं, आणि ते दोन शब्द आजही... असो. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मी फोन केला, किल्लीची हकिगत सांगितली. ताई म्हणाली, "धाकट्या, थाप मारायची तर वयाला शोभेल अशी तरी मार. किल्ली हरवली म्हणे! विमान काय सायकल आहे? मी कंपनीला विचारलंय. ते सांगतात हवा खराब होती. दोघांपैकी एक जण खोटारडा आहे, आणि त्यांचा गणवेश इस्त्रीचा असतो." खट्! फोन बंद. पुन्हा लावला, उचलेना. मुलांना खरं बोलायला शिकवण्यात माझी हयात गेली, आणि सख्ख्या बहिणीच्या लेखी मी खोटारडा!

आता कळलं ना, मला भरपाई कशासाठी हवी होती? पैशासाठी नव्हे हो! भरपाई द्यायची तर चूक कबूल करावी लागते, आणि मला ती कबुली हवी होती. मी कंपनीला फोन लावला. आधी बासरीची धून. मग एक मुलगी, आवाज असा साखरेचा, की मुंग्या लागाव्यात, "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, सर! मी आपली आणखी काय मदत करू शकते?" मी म्हटलं, "आणखी? बाळ, आधी पहिली तरी कर." पुन्हा बासरी. मग त्यांचा प्रवासी-सेवा अधिकारी आला, तरणाबांड, घाईतला, "सर, नियमात हवामान म्हणजे दैवी कारण, त्यात आमचा दोष धरत नाहीत. पण आपण ज्येष्ठ आहात, म्हणून पुढच्या प्रवासात सवलतीचं कूपन देतो!" अहो, ज्याचा मागचा प्रवासच झाला नाही, त्याचा पुढचा कोणता? घरात ही म्हणते, "घ्या ना ते कूपन, आणि मिटवा एकदाचं! देवाला नाही वाईट वाटत, तुम्हालाच मेलं एवढं काय?" मी म्हटलं, देव बोलत नाही याचा अर्थ त्याच्या नावावर काहीही खपवावं, असा नव्हे. आवाज चढवला नाही मी. दार जरा जोरात लागलं, ते वाऱ्यानं.

गेलो ग्राहकांच्या तक्रारी ऐकतात तिथं. साधी खोली, कुरकुरणारा पंखा, समोर न्यायाधीश बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या, वर्गात असत्या तर पहिल्या बाकावर बसवल्या असत्या मी. कंपनीतर्फे एक वकील, आणि साक्षीला तोच अधिकारी. आणि साक्षीची पद्धत काय? आधी शपथ! उभा राहिला, हात वर केला, घडाघडा म्हणाला, "ईश्वराला स्मरून सांगतो, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." आणि त्याच दमात, "विमान दैवी कारणामुळे रद्द झालं."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय, गुरुजी?"

मी म्हटलं, एकच प्रश्न आहे. त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "बाळ, आत्ता शपथ कोणाची घेतलीस?"

"ईश्वराची, सर."

"आणि विमान कोणी अडवलं म्हणतोस?"

त्यानं हातातली फाइल उलटीसुलटी केली.

"म्हणजे ज्याला साक्षीला बोलावलंस, त्यालाच आरोपी केलंस. आता तोच ऐकतो आहे असं समज, आणि सांग. शिडीची किल्ली कोणाकडे होती?"

तुम्हाला सांगतो, तो पंख्याकडे बघतोय, वकिलाकडे बघतोय, वकील आपल्याच बुटांकडे बघतोय... त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शाळेत हा रंग मी हजारदा पाहिलाय. या रंगानंतर खरं बाहेर येतं. "दुपारच्या पाळीवाल्याकडे," तो म्हणाला. "घरी नेली त्यानं, सर. चुकून. आम्ही हवामान लिहिलं, कारण... नेहमी तेच लिहितात."

बाईंनी भरपाईचा हुकूम दिला आणि मला विचारलं, "आणखी काही?" मी म्हटलं, "यानं हेच माझ्या बहिणीला सांगावं. फोनवर. स्वतःच्या तोंडानं." वकील उठला, "असा कायदाच नाही!" बाई म्हणाल्या, "कायदा नाही, पण लाज असेल." तो पोरगा म्हणाला, "सांगतो."

कंपनीच्या कार्यालयातून त्यानं फोन लावला, स्पीकरवर, मी समोर बसलेला, आजूबाजूला टेबलंच टेबलं, सगळी भरलेली. "आजी, आपल्या भावाचं विमान..."

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला." ताईचे कान असे आहेत, की शेजारच्या घरातलं दूध उतू गेलेलंही कळतं!

"किल्ली हरवली होती, आजी!"

"कोणी हरवली? देवानं?"

"नाही, आजी! आम्ही! देवाचा काही संबंध नाही! आम्ही खोटं बोललो!" सगळी टेबलं थांबली. साखरेच्या आवाजाची ती मुलगीसुद्धा हातातलं सोडून बघायला लागली.

"बरं," ताई म्हणाली. "धाकट्याला सांगा, जेवत जा वेळेवर." झालं! एवढीच माझी निर्दोष मुक्तता. मी उठणार, तोच फोनमधून, "थांबा हो, तुमचं संपलेलं नाही. त्या दिवशी माझ्या दारात माणूस नव्हतं, ते तुमच्यामुळे. आता दुसरा गुडघा करायचाय. त्या दिवशी दारात तुम्ही उभं राहायचं."

"मी, आजी?"

"मग काय तुमचं कूपन उभं राहील?"

मी म्हटलं, "ताई, मी येतोय ना." तर म्हणते, "तू ये रे, पण तुझं काय सांगावं, तू विमानानं येणार."

आता याला काय म्हणायचं? मी गेलो, वेळेवर पोचलो, दारात पोचतो तो तिथं आधीच तो अधिकारी उभा, एका हातात ताईची पिशवी, दुसऱ्या हातात तिचा चष्मा आणि दातांची कवळी, शर्टाला चुरगळ्या, डोळे तारवटलेले. परिचारिकेनं विचारलं, "आजी, बरोबर कोण?" ताईनं त्याच्याकडे बोट केलं. मी बाजूला. मी म्हटलं, "काय रे, डोळे असे का?" तर मान खाली घालून म्हणतो, "सर, आजींना शब्द दिला होता, उशीर व्हायला नको म्हणून... आगगाडीनं आलो. उभ्यानं."