पप्पांची गोळी आणि माझी बडबड

तुम्ही म्हणता मी बोलतच नाही, पण एकदा विंचूरहून निघाल्यावर मी निफाडपर्यंत सलग बोलले आहे.

पाऊस सरत आला की पप्पांना गाजरगवताची अ‍ॅलर्जी होते. त्याची गोळी डॉक्टरांनी रात्री झोपतानाच घ्यायला सांगितली होती. पण त्या दिवशी विंचूरला आत्याकडे त्यांच्या शिंका थांबेनात. त्यांनी भर दुपारी गोळी घेतली आणि मला मागे बसवून स्कूटर काढली. थोड्या वेळाने स्कूटर डांबर सोडून कडेच्या मातीत उतरली. पप्पांनी थांबून तोंडावर पाणी मारलं.

“लय झोप येते गं. काहीतरी बोलत राहा, गप्प बसू नको.”

मी वर्गातल्या सगळ्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमाने सांगितली. तीही संपली. निफाड जवळ आलं आणि पप्पांची मान पुन्हा पुढे झुकली. घाबरून मला दुसरं काही सुचेना.

“पप्पा, मला गणितात अकरा मार्क पडलेत. प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच केली.”

स्कूटर थांबली. पप्पा मागे वळले.

“शंभरपैकी?”

“हो.”

पुढे नाशिक येईपर्यंत त्यांना साधी जांभईसुद्धा आली नाही.

घरी आई चिडली. “गोळी घेऊन गाडी चालवली? झोप नाही आली?”

“आली होती. पण ही सारखी बोलत होती.”

“ही? काय बोलत होती?”

पप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

“पाढे म्हणत होती.”